उस्तादांची सही

पारंपरिक इराणी वैद्यक शिकणाऱ्या विद्यार्थ्याने रुग्णासमोर नेमकं काय केलं याची नोंद ठेवा, ती तपासा आणि त्यावरून त्याला पास-नापास करा, असं म्हटलं की दोन प्रकारची माणसं एकदम भडकतात. पहिली माझ्यासारखी ॲलोपॅथीवाली. त्यांचं म्हणणं, "मग ज्योतिषाचंही लॉगबुक काढा की!" दुसरी परंपरेची अभिमानी. त्यांचं म्हणणं, "नाडी काय फॉर्म भरून शिकतात होय? ती उस्तादाच्या हाताखाली शिकायची असते." एरवी या दोघांचं एका वाक्यावर एकमत होणार नाही. इथे मात्र होतं: नोंद नको. मला या दोघांशीही भांडायचं आहे, आणि वाटेत भेटलाच तर एका तिसऱ्याशीही, जो नोंदवही हवी म्हणतो पण चुकीच्या कारणासाठी.

मी इंग्लंडमध्ये सरकारी इस्पितळात काम करते. रुग्ण पाहून झाले की उरलेल्या वेळातला बराचसा वेळ शिकाऊ डॉक्टरांच्या ई-पोर्टफोलिओत जातो. कोणी छातीतलं पाणी काढलं, कोणी रुग्णाच्या मुलीला वाईट बातमी सांगितली, ते मी पाहिलं का, कसं केलं, पुन्हा एकट्याने करू देईन का. माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका इराणी डॉक्टरबाईंमुळे त्यांच्याकडच्या या शाखेबद्दल वाचायला लागले, आणि वाचता वाचता आपल्याच घरातली भांडणं दिसायला लागली.

आधी थोडी ओळख. इराणात तिब्ब-ए-सुन्नती, म्हणजे पारंपरिक वैद्यक, आता विद्यापीठात शिकवतात. २००७ साली तेहरान विद्यापीठाच्या वैद्यकीय विभागात त्याचं स्वतंत्र महाविद्यालय निघालं, मग इतर शहरांत निघाली. आपल्या बीयूएमएस किंवा बीएएमएसपेक्षा रचना वेगळी आहे: बारावीनंतर थेट प्रवेश नाही. आधी नेहमीचा एमडी, म्हणजे आपला एमबीबीएस म्हणा, आणि मग या विषयात पीएचडी. म्हणजे विद्यार्थी रक्तदाब, इन्सुलिन, ईसीजी हे सगळं शिकून आलेला असतो. मग तो इब्न सीनाचं ‘कानून’ वाचतो, मिजाज ओळखायला शिकतो, नाडी आणि लघवी पाहायला शिकतो, रक्तमोक्षण शिकतो. विद्यापीठांशी जोडलेले दवाखाने आहेत, त्यांना ‘सलामतकदे’ म्हणतात. तिथे बहुतेक बाह्यरुग्ण येतात.

हे आपल्याला वाटतं तितकं परकं नाही. आपण एखाद्याची मिजास उतरवतो तो शब्द या मिजाजातूनच आला. ‘सर्दी’ म्हणजे फारसीत नुसता थंडपणा. दही, काकडी, मासे खाऊन ‘सर्दी’ झाली असं इराणी आजी म्हणते, आपली आजी पपई ‘उष्ण पडली’ म्हणते तसं. ‘जुलाब’ मुळात गुलाबपाणी. आणि ‘हजामत’ म्हणजे हिजामत, तुंबडी लावून रक्त काढणं. ते काम न्हावी करायचे म्हणून शब्द दाढीवर येऊन बसला. पुस्तकांचीही ये-जा होती. अहमदनगरच्या निजामशाहीत आणि पुढे विजापुरात राहिलेल्या इतिहासकार फरिश्त्याने फारसीत वैद्यकावर ग्रंथ लिहिला, तो भारतीय वैद्यकाची ओळख करून देणारा. औरंगजेबाच्या काळात हिंदुस्थानात लिहिलेला ‘तिब्ब-ए-अकबरी’ आज इराणात वाचला जातो. वर्सोव्याच्या किंवा मालेगावच्या युनानी कॉलेजात जे शिकवतात ते याच झाडाच्या दुसऱ्या फांदीवरचं.

आता पहिला भिडू. "जे शास्त्रच नाही त्याचं मूल्यमापन कसलं?" हा प्रश्न ऐकायला फार चोख वाटतो. विचारणाऱ्याला त्यातून कामही काही पडत नाही. पण पाठीवर ब्लेडने बारीक चिरा पाडून कप लावला, की रक्त खरं येतं. चार द्रवांचा सिद्धांत बरोबर असो की चूक, ब्लेड निर्जंतुक नसेल तर हेपटायटिस बी खरा होतो. रुग्ण रक्त पातळ करणारी गोळी घेतोय का हे विचारलं नाही तर रक्त थांबत नाही. ज्येष्ठमध आठवडेन्‌आठवडे दिला तर पोटॅशियम उतरतं आणि रक्तदाब चढतो; त्यासाठी ज्येष्ठमधावर विश्वास असावा लागत नाही. कडू इंद्रायणीचा जुलाब जास्त झाला तर आतड्यातून रक्त जातं. आणि सगळ्यात महत्त्वाचं: समोर बसलेल्या बाईचं अपचन हे अपचन नसून हृदयविकार आहे हे ओळखून तिला ताबडतोब गाडीत घालणं. यातली प्रत्येक गोष्ट पाहता येते, तपासता येते, आणि जमत नसेल तर विद्यार्थ्याला थांबवता येतं. सिद्धांतावरचा वाद मिटेपर्यंत हे थांबवून ठेवायचं, म्हणजे वाद आपला आणि रक्त दुसऱ्याचं.

शिवाय लोक जायचे ते जातातच. आपण नाक मुरडलं म्हणून इराणातल्या सलामतकद्यांतली गर्दी कमी होणार नाही, आणि लेस्टरमधल्या हिजामा सेंटरमधलीही नाही. प्रश्न एवढाच उरतो की त्यांच्यासमोर बसलेल्या माणसाला कोणी कधी काम करताना पाहिलं आहे का.

इराणात हा प्रश्न किती टोकाला जाऊ शकतो ते जानेवारी २०२० मध्ये दिसलं. स्वतःला ‘इस्लामी वैद्यका’चा जाणकार म्हणवणाऱ्या एका धर्मगुरूने हॅरिसनचं मेडिसिनचं पुस्तक जाळलं आणि त्याचा व्हिडिओ सगळीकडे फिरला. त्यानंतर काही आठवड्यांतच कोम शहरातून कोविडच्या बातम्या यायला लागल्या. विद्यापीठात पारंपरिक वैद्यक शिकवणारे लोक तेव्हा सांगत होते, आम्ही ते नाही, आमचा त्यांच्याशी संबंध नाही. मान्य. पण सामान्य माणसाने फरक कशावरून ओळखायचा? दाढीवरून? दोघेही जुनी नावं घेतात, दोघांकडेही वनस्पतींच्या बरण्या असतात. फरक एकच असू शकतो: एकाच्या शिक्षणाची पडताळणी झालेली आहे, दुसऱ्याची नाही. ती पडताळणी जर कागदावरच असेल, तर हा फरकही कागदावरचाच.

आता दुसरा भिडू, आणि माझी खरी खुन्नस याच्याशी आहे, कारण तो परंपरेच्या नावाने बोलतो आणि परंपरा वाचत नाही. परीक्षा, नोंद, निरीक्षण ही सगळी पाश्चात्त्य नोकरशाहीची खुळं आहेत, आमच्याकडे गुरूच्या सहवासात ज्ञान झिरपतं, असं तो म्हणतो. ठीक आहे. मग जुन्या लोकांनाच विचारू.

अबू बक्र राझी. तेहरानला लागून असलेल्या रय गावचा, इसवी सन ९२५ च्या सुमारास वारला. तो कसा बसायचा याचं वर्णन इब्न अल-नदीमने करून ठेवलं आहे. राझी मध्ये, त्याच्याभोवती त्याचे शिष्य, त्यांच्याभोवती शिष्यांचे शिष्य, त्यांच्याबाहेर आणखी एक कडं. रुग्ण आला की आधी बाहेरच्या कड्यातल्यांनी त्याला तपासायचं. त्यांना उलगडलं नाही तर आतलं कडं. त्यांनाही जमलं नाही तरच राझी तोंड उघडणार. म्हणजे नवशिक्याने आधी स्वतः निदान मांडायचं, तेही गुरूच्या आणि सगळ्यांच्या कानांदेखत. आजच्या वैद्यकीय शिक्षणात ‘टप्प्याटप्प्याने सोपवलेली जबाबदारी’ म्हणून ज्यावर परिषदा भरतात, ते याहून फार वेगळं नाही.

आणि नोंदी? राझीने रुग्णांच्या नोंदी इतक्या ठेवल्या की त्याच्या मागे त्यांचा अवाढव्य ग्रंथ झाला. त्यातल्या ३३ केसेस माक्स मायरहोफ या नेत्रवैद्याने १९३५ साली इंग्रजीत छापल्या. एकात थंडी वाजून अनियमित ताप येणारा माणूस आहे. राझी हिवतापासारख्या तापाचा आणि मूत्रपिंडातल्या गळवाचा, असा दोन्हींचा विचार मांडतो. काही दिवसांनी लघवीतून पू जातो. मग राझी लिहून ठेवतो की कमरेत जडपणा जाणवतो का हे मी त्याला विचारायला हवं होतं, ते राहिलं. हजार-अकराशे वर्षांपूर्वीचा, त्या काळातला सगळ्यात नावाजलेला वैद्य स्वतःची राहिलेली गोष्ट शाईने लिहून ठेवतो. आणि त्याचं नाव घेणारे आजचे लोक म्हणतात, आमच्या विद्येत लिहून ठेवण्यासारखं काही नसतं!

अजून हवं असेल तर बगदादला चला. ९३१ साली एका वैद्याच्या चुकीने माणूस दगावला. खलिफा अल-मुक्तदिरने हुकूम काढला की सिनान इब्न साबितने परीक्षा घेतल्याशिवाय कोणीही वैद्यकी करायची नाही. ८६० च्या वर लोक परीक्षेला बसले असं लिहिलेलं आहे. पुढे बाराव्या शतकात सीरियातल्या शैझरीने बाजारावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यासाठी, म्हणजे मुहतसिबासाठी, पुस्तिका लिहिली. त्यात शीर तोडून रक्त काढणाऱ्याने आधी बीटच्या पानांच्या शिरांवर हात बसवावा असं आहे. तुंबडीवाल्याची परीक्षा तर बघण्यासारखी: भाजक्या विटेवर कागद चिकटवायचा आणि त्याला चिरा पाडायला लावायच्या. कागदाच्या आरपार गेला तर हात जड. डंडीच्या रोनाल्ड हार्डेनने १९७५ साली ठिकठिकाणी टेबलं मांडून कौशल्य तपासायची परीक्षा काढली, तिला आपण आधुनिक म्हणतो. वीट आणि कागद त्याच्या आठशे वर्षं आधीचे आहेत. तेव्हा परंपरेची ढाल पुढे करू नका. परंपरा तपासणाऱ्यांची होती. न तपासणं ही अलीकडची सोय आहे.

तिसरा भिडू दिसायला मित्र असतो. तो म्हणतो, नोंद हवीच! विद्यार्थ्याने इतक्या हिजामती केल्या पाहिजेत, इतक्या जळवा लावल्या पाहिजेत, इतके मिजाज ठरवले पाहिजेत, आणि प्रत्येक ओळीपुढे उस्तादांची सही. हे ऐकून मला माझं कॉलेज आठवतं.

महाराष्ट्रात सायन्स शिकलेल्या कोणालाही सबमिशन म्हणजे काय हे सांगायला नको. वर्षभर कोरी राहिलेली जर्नल्स शेवटच्या आठवड्यात रात्र जागून उतरवायची, स्वतः न केलेल्या प्रयोगाची रीडिंग्ज मित्राच्या वहीतून घ्यायची, एखादा आकडा जरा बदलायचा म्हणजे संशय नको, आणि सकाळी स्टाफरूमच्या दाराशी रांग लावायची. सर चहा पिता पिता एका दमात पंचवीस सह्या करतात, तारखा मागच्या. इंटर्नशिपच्या पूर्णत्वाच्या दाखल्यांचं वेगळं काय असतं? इकडे इंग्लंडमध्ये कागदाऐवजी संगणक आहे इतकंच. वार्षिक आढाव्याच्या आधीच्या पंधरवड्यात माझ्या मेलबॉक्समध्ये शिकाऊ डॉक्टरांच्या विनंत्या धबाधबा पडतात: "सहा महिन्यांपूर्वी मी तुमच्यासमोर जी सुई टोचली होती तिचं मूल्यमापन भराल का?" कोणती सुई? कोणता रुग्ण?

आकडा हा हजेरीपट असतो. पन्नास हिजामती केल्या म्हणजे एकच चूक पन्नास वेळा केली असंही होऊ शकतं. जॉर्ज मिलर या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने १९९० साली चार पायऱ्या मांडल्या होत्या: माहीत आहे, कसं करायचं हे माहीत आहे, करून दाखवतो, आणि रोजच्या कामात खरोखर करतो. सह्यांची वही फार तर दुसऱ्या पायरीपर्यंत नेते आणि चौथीचा दाखला देते. यावर उतारा म्हणून अमेरिकेत जॉन नॉर्सिनी यांनी १९९५ च्या सुमारास छोट्या निरीक्षणाची पद्धत बसवली: शिक्षकाने पंधरा-वीस मिनिटं विद्यार्थ्याला खऱ्या रुग्णाबरोबर पाहायचं, तिथेच बसून काय बरं झालं, काय राहिलं ते सांगायचं, लिहायचं, आणि वर्षभरात वेगवेगळ्या शिक्षकांनी हे अनेकदा करायचं. यंत्र नको, पैसा फार नको. शिक्षकाला खुर्चीवरून उठून विद्यार्थ्याच्या शेजारी बसावं मात्र लागतं. तेवढंच टाळण्यासाठी सह्या असतात.

इथवरचं कोणत्याही वैद्यकाला लागू आहे. इराणी वैद्यकाची खरी गाठ पुढे आहे, आणि लॉगबुकाला होणारा विरोधही मला वाटतं तिथूनच येतो.

या शास्त्रात सगळं मिजाजावर उभं आहे. रुग्ण उष्ण की शीत, ओला की कोरडा, हे आधी ठरवायचं. आहार, औषध, झोप, तुंबडी लावायची की नाही, सगळं त्यानंतर. ठरवण्यासाठी दहा खुणा सांगितल्या आहेत: स्पर्श, मांस आणि चरबी, केस, रंग, अवयवांची ठेवण, उष्ण-थंडाचा परिणाम किती लवकर होतो, झोप, शरीराची कामं, बाहेर टाकले जाणारे पदार्थ, मनाचे आवेग. वाचायला सुंदर आहे. आता कल्पना करा, विद्यार्थिनीने एका बाईला तपासून लिहिलं ‘शीत आणि ओला’. उस्ताद आले, मनगट धरलं, म्हणाले ‘शीत आणि कोरडा’. विद्यार्थिनीचे मार्क गेले. पण शेजारच्या खोलीतल्या दुसऱ्या उस्तादांनी तीच बाई पाहिली असती आणि ‘ओला’ म्हटलं असतं तर? मग चूक कोणाची? विद्यार्थिनीची नाही. कदाचित उस्तादांचीही नाही. कदाचित ओला-कोरडा ही गोष्टच दोन माणसांना सारखी कळण्यासारखी नसेल.

ही भीती मी हवेतून काढलेली नाही. इराणातल्याच संशोधकांनी २०१४ साली मिजाज ओळखण्यासाठी दहा प्रश्नांची प्रश्नावली तपासून प्रसिद्ध केली. उष्ण-शीताची बाजू त्यातल्या त्यात बरी निघाली, ओलं-कोरडं डळमळीत राहिलं. त्यांनी ते लपवलं नाही, छापलं, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. पण त्याचा अर्थ परीक्षेच्या दालनापर्यंत न्यायला हवा. ज्या गोष्टीवर दोन परीक्षकांचं जमत नाही तिच्यावर विद्यार्थ्याला नापास करणं म्हणजे नाणं उडवून नापास करणं.

म्हणून माझ्या मते लॉगबुकातली सगळ्यात मौल्यवान ओळ सहीची नाही. विद्यार्थ्याने उस्तादांना विचारण्यापूर्वी, स्वतःच्या जबाबदारीवर, आपलं मत लिहून बंद करायचं. मग उस्तादांनी त्याचं मत न पाहता आपलं लिहायचं. शक्य असेल तेव्हा दुसऱ्या उस्तादांनीही, पहिल्याचं न पाहता. आणि चार-सहा आठवड्यांनी तो रुग्ण परत आला का, बरं वाटलं का, काही अपाय झाला का, दुसरीकडे धाडावं लागलं का, हे त्याच ओळीत. कागदाच्या वहीत हे अवघड होतं, फोनवरच्या साध्या ॲपमध्ये नाही. दोघांचं जे जमलं त्यातून योगायोगाने जेवढं जमलं असतं ते वजा करून खरं एकमत मोजायची रीत जेकब कोहेनने १९६० सालीच देऊन ठेवली आहे. तीन वर्षं असं चाललं तर विद्यार्थी तपासला जाईल, त्याच्याबरोबर उस्ताद तपासले जातील, आणि दोघांबरोबर शास्त्र. उष्ण-शीत टिकलं तर छाती पुढे काढून शिकवा. ओलं-कोरडं टिकलं नाही तर ते निदान परीक्षेतून काढा.

लोकांना नोंदीची भीती वाटते ती विद्यार्थ्यांच्या काळजीपोटी नव्हे, हे आता उघड बोलायला हरकत नाही.

आणि इथे माझ्या ॲलोपॅथीवाल्या मित्रांनी टाळ्या वाजवू नयेत. हृदयाचे आवाज ऐकताना, यकृत बोटांना लागतं का हे सांगताना दोन अनुभवी डॉक्टरांचं किती जमतं हे आपल्याकडे मोजलेलं आहे, आणि ते पाहून मान खाली घालावी असं आहे. आपण सुटलो ते एवढ्याचसाठी की मोजलं, आणि मग सोनोग्राफीचं यंत्र आणलं.

मूल्यमापनात आणखी एक अडसर आहे, तो कोणत्याच ॲपने जात नाही. आमच्या डॉक्टरबाई ‘ताअरोफ’बद्दल सांगतात. इराणी शिष्टाचार: टॅक्सीवालासुद्धा आधी "राहू द्या, काय पैसे द्यायचे" म्हणतो, आणि आपण तीनदा आग्रह करून द्यायचे असतात. अशा समाजात समोरच्या तरुण डॉक्टरला, जो आधीच एमडी आहे, कदाचित चाळिशीचा आहे, "तुम्हाला हे येत नाही" असं लेखी द्यायचं. कोण देणार? आपल्याकडे ताअरोफ नाही, पण "जाऊ दे हो, लांबून आलंय पोरगं, एक वर्ष कशाला वाया" हे आहेच. इंग्लंडमध्ये फॉर्मवर ‘अपेक्षेप्रमाणे’ असं लिहून शिक्षक सुटका करून घेतो. दयाळू माणसं नापास करत नाहीत, आणि त्या दयेचा हप्ता पुढे रुग्ण भरतो. एकाच शिक्षकाच्या हाती सगळं न ठेवता दहा-बारा लहान निरीक्षणं वेगवेगळ्यांनी केली, आणि निकाल त्यांच्यापैकी कोणीही नसलेल्या मंडळाने लावला, तर नापास करण्याचं ओझं एका माणसाच्या मानेवर येत नाही. ते आलं नाही तरच माणसं खरं लिहितात.

विद्यार्थ्यानेही खरं लिहावं यासाठी त्याला वहीची भीती वाटता कामा नये. २०१८ साली इथे एका शिकाऊ बालरोग डॉक्टरचं प्रकरण गाजलं. तिच्या पोर्टफोलिओतल्या नोंदी ज्युरीपुढे गेल्या नव्हत्या, पण गेल्या अशी बोलवा पसरली आणि देशभरचे शिकाऊ डॉक्टर महिनोन्‌महिने आपल्या चुकांबद्दल गुळगुळीत, निरुपद्रवी वाक्यं लिहायला लागले. इराणात विद्यापीठ, सरकार आणि धर्म यांच्यातलं अंतर लक्षात घेता तिथल्या विद्यार्थ्याने "आज माझ्या हिजामतीनंतर रुग्णाला चक्कर आली" असं लिहावं, ही अपेक्षा करण्याआधी त्याला संरक्षण द्यावं लागेल. शिकण्यासाठीची नोंद आणि निकालासाठीची नोंद वेगळी ठेवणं ही त्याची सुरुवात.

पदवीच्या नावातही एक गोची आहे. पीएचडी म्हणजे संशोधनाची पदवी. तिथे प्रबंध मोजतात, शोधनिबंध मोजतात. पण हा माणूस बाहेर पडून प्रयोगशाळेत जात नाही, पाटी लावून रुग्ण पाहतो, आणि लोक त्याला तज्ज्ञ म्हणून येतात. निबंध छापून आला म्हणून शल्यविशारदाला पोट उघडू देत नाहीत. रुग्णांसमोरचं काम निकालात बरोबरीचं धरलं नाही तर हुशार विद्यार्थी काय करेल? जिथे मार्क आहेत तिथे वेळ घालवेल. मीही तेच केलं असतं.

आपल्याकडे हा वाद कसा होतो ते नोव्हेंबर २०२० मध्ये पाहिलं. आयुर्वेदाच्या शल्य आणि शालाक्य विषयांतल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना ५८ शस्त्रक्रियांचं, त्या स्वतंत्रपणे करता याव्यात असं, प्रशिक्षण द्यावं, अशी अधिसूचना निघाली. ३९ एका विषयात, १९ दुसऱ्यात. ११ डिसेंबरला इंडियन मेडिकल असोसिएशनने काम बंद ठेवलं. टीव्हीवर दोन्ही बाजू हातघाईवर आल्या: सुश्रुत विरुद्ध ‘मिक्सोपॅथी’. आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही जुन्या मैत्र्या तुटता तुटता राहिल्या. त्या सगळ्या गदारोळात मी वाट पाहत होते की कोणीतरी विचारेल: ही यादी झाली, पण यातली प्रत्येक शस्त्रक्रिया विद्यार्थ्याने किती वेळा, कोणाच्या नजरेखाली केल्यावर ‘येते’ म्हणायचं, आणि ते ठरवणारा माणूस त्याच संस्थेचा पगारी असणार का? अधिकार कोणाचा यावर सगळे बोलले. तयारी कोणी पाहिली यावर माझ्या ऐकण्यात तरी कोणी नाही.

तो प्रश्न इराणात विचारणं सोपं आहे, हे तिथल्या लोकांना कदाचित जाणवतही नसेल. १९८५ पासून त्यांच्याकडे आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण एकाच मंत्रालयाखाली आहे. सलामतकदे, अध्यापक आणि परीक्षा, सगळ्यांचा धनी एकच. मिजाजाचं मत आधी बंद करा, दुसऱ्या उस्तादांना दाखवा, सहा आठवड्यांनी रुग्णाला फोन करा, हे एका परिपत्रकाने होण्यासारखं आहे. आपल्याकडे अभ्यासक्रम दिल्लीत ठरतो, परीक्षा नाशिकचं आरोग्य विद्यापीठ घेतं आणि इस्पितळ असतं कुठल्यातरी शिक्षणसंस्थेच्या अध्यक्षांचं, जिथे तपासणीच्या दिवशी खाटांवर माणसं कुठून येतात हे सगळ्या तालुक्याला माहीत असतं. तिथे सहा आठवड्यांनी फोन करायचा, तर आधी रुग्ण खरा लागेल.